टिंडलींचं गीत वेगळं, 'वी शॅल ओव्हरकम' वेगळं

'हम होंगे कामयाब' कुणी शाळेत गायलं नाही? चाल, हातात हात, सगळं पाठ. ते हिंदी कवी गिरिजाकुमार माथुरांनी केलेलं 'वी शॅल ओव्हरकम' या अमेरिकी चळवळगीताचं हिंदी रूप, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. त्यापुढे मात्र हमखास घोळ: 'मूळ गीत मेथडिस्ट पाळक चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांचं, १९०१चं.' नाही हो! त्यांचं ते गीत 'आय विल ओव्हरकम समडे'. नाव जवळपास सारखं म्हणून गाणंही एकच ठरवून मोकळं व्हायचं?

'मी'चं 'आम्ही' झालं, एवढाच फरक सांगणारेही खूप. तो किरकोळ आहे. उपासनेत अख्खी मंडळी एका सुरात 'मी' म्हणते, तेव्हा तो एकट्याचा राहतो कुठे?

खरी मेख रचनेत आहे. टिंडलींच्या गीतात कडवी आणि ध्रुपद. दर कडव्यात नवा मजकूर: आधी जग हे रणांगण, मग आत्म्याला वाट चुकवणाऱ्या दृश्य-अदृश्य शक्ती, मग हजार सापळे आणि वाटेतले डोंगर. आणि विजयाला अट: मनाने हार मानली नाही तर, येशू पुढारी असेल तर. हा 'तर' बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातला आहे. न खचलो तर यथाकाळी पीक पदरी पडेल, असं पौल म्हणतो. लढाई मोहाशी, स्वतःशी.

'वी शॅल ओव्हरकम'मध्ये अशी अट शोधून दाखवा. तीच ओळ घोळवायची, मग 'मन में है विश्वास', झालं कडवं. पुढच्या कडव्याला एक ओळ बदलली की पुरे. म्हणून मोर्चात कागद लागत नाही. चालही निराळी, 'आय विल बी ऑल राइट' या जुन्या भक्तिगीताच्या कुळातली. पटत नसेल तर टिंडलींचं पहिलं कडवं 'कामयाब'च्या चालीवर बसवून बघा. बसत नाही.

१९४५-४६ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांनी हे दुसरं गीत संपात गायलं. तिथून टेनेसीच्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शाळेत आलं आणि झिल्फिया हॉर्टन, पीट सीगर, गाय कॅरावान या गायकांमार्फत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत पोचलं. टिंडली १९३३ मध्येच वारले होते. त्यांच्याकडून फार तर 'ओव्हरकम समडे' एवढे शब्द आले असतील.

उसन्या श्रेयाची या माणसाला गरजही नाही. वडील गुलाम, आई स्वतंत्र. वाचायला स्वतःच शिकले. फिलाडेल्फियात विटा वाहिल्या, चर्चमध्ये झाडलोट केली आणि १९०२ मध्ये त्याच चर्चचे पाळक झाले. गॉस्पेल या कृष्णवर्णीय भक्तिसंगीताचे जनक म्हणवले जाणारे थॉमस डॉर्सी त्यांचं ऋण मानत.

टिंडली ऐकायचे तर १९०५चं 'स्टँड बाय मी' ऐका. बेन ई. किंगचं १९६१चं नव्हे, तेही वेगळंच गाणं! माझं मत विचाराल तर सगळ्यांत सरस 'लीव्ह इट देअर'. ओझं प्रभूकडे न्या आणि तिथेच ठेवून या, असं ते सांगतं. 'तर' मात्र तिथेही आहे: विश्वास ठेवलात, शंका घेतली नाहीत, तर तो नक्की बाहेर काढेल.