वाळूच्या झोताने तेलविहिरीचे छिद्रण : पार्श्वभूमी

केसिंग (विहिरीला आतून बसवलेली पोलादी नळी) आणि सिमेंटच्या पलीकडच्या तेलथरापर्यंत वाट पाडायला आधी पोलादी गोळ्या आल्या. कॅलिफोर्नियातल्या माँटेबेलो इथे डिसेंबर १९३२ मध्ये एका विहिरीत त्या व्यावसायिक कामासाठी झाडल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर रणगाडाभेदी अस्त्रांतला शेप्ड चार्ज (स्फोटाचा जोर एका दिशेला एकवटणारे स्फोटक) विहिरीत उतरला आणि गोळ्या मागे पडल्या. वाळूमिश्रित पाण्याचा झोत या दोघांनंतरचा, १९५० च्या दशकाच्या अखेरचा. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्हीकडे तो जवळपास एकाच सुमारास पुढे आला. (शेप्ड चार्जमधूनही धातूचा झोतच सुटतो आणि नुसते ‘जेट पर्फोरेटिंग’ म्हटले की बहुधा तोच अभिप्रेत असतो. जुने अहवाल वाचताना ‘अ‍ॅब्रेसिव्ह’ (झिजवणारा) हा शब्द शेजारी आहे का, ते आधी पाहावे.)

त्या काळात ठरलेली कृती आजही फारशी बदललेली नाही. एक लिटर पाण्यात साधारण ६० ते १२० ग्रॅम वाळू, टंगस्टन कार्बाइडचे पाचएक मिलिमीटर व्यासाचे नोझल, आणि त्याच्या आतबाहेर १७० ते २०० बार दाबाचा फरक. एवढ्यावर झोताचा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास जातो. पोलाद काही मिनिटांत कापले जाते. सिमेंट आणि दगड धरून एका जागी पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्यापुढे पंप चालू ठेवून हाती फारसे लागत नाही. दगडात कोरलेल्या बोगद्यातून परतणारे पाणी आत येणाऱ्या झोताला अडवते आणि खोली वाढायची थांबते. परतणारी वाळू हत्यारालाही खाते, म्हणून नोझलभोवतीचा भाग कठीण धातूने मढवावा लागतो.

१९६१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेले अमेरिकी निष्कर्ष उत्साहवर्धक होते. तरीही पुढल्या काही वर्षांत तिथल्या उद्योगाने झोत बाजूला ठेवला आणि स्फोटकांना पसंती दिली. त्या निर्णयावर अजून वाद होतो. रूढ स्पष्टीकरण असे की झोत उथळ जातो. मला ते अर्धेच पटते. खोलीचे जे आकडे शेप्ड चार्जच्या बाजूने पुढे केले जात, ते काँक्रीटच्या लक्ष्यावरचे असत. जमिनीखाली दाबाने आवळलेल्या खडकात तोच चार्ज बराच कमी आत जातो. शिवाय स्फोटाने बोगद्याभोवतीचा दगड भरडला जातो, त्याची पारगम्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) घटते आणि भुकटी आत अडकून राहते. ती बाहेर काढण्यासाठी विहिरीतला दाब थराच्या दाबापेक्षा मुद्दाम कमी ठेवून चार्ज उडवण्याची रीत आली. झोत दगड कण-कण झिजवतो, भरडत नाही. म्हणजे तुलना करायची तर ती तेल किती सहज आत येते याची करायला हवी होती. खोली मोजणे सोपे होते, म्हणून तीच मोजली गेली.

खरी अडचण वेळेची होती. वायरलाइनवर (विहिरीत सोडायच्या तारेवर) चार्ज भरलेली बंदूक सोडली की अख्ख्या पट्ट्यातली भोके क्षणात पडत. झोतासाठी टयुबिंग (केसिंगच्या आत उतरवायची नळी) खाली घालायची, पंप लावायचे, प्रत्येक जागी थांबायचे, मग टयुबिंग सरकवून पुढची जागा. आणि रिगचे (विहिरीवरच्या यंत्रमनोऱ्याचे) भाडे तर चालूच. त्या हिशेबापुढे स्वच्छ बोगद्याचा मुद्दा टिकला नाही. सोव्हिएत तेलक्षेत्रांत मात्र ही पद्धत १९६० च्या दशकात चांगली रुळली.

पुनरागमन झाले ते आडव्या विहिरींमुळे. १९९८ मध्ये मांडली गेलेली कल्पना अशी : झोताने बोगदा कोरायचा आणि त्याच झोताने तिथे दगडही फोडायचा. बोगद्याच्या टोकाला झोत थबकतो तेव्हा वेगाचे दाबात रूपांतर होते. तेवढ्याच जागी दाब फुटीच्या मर्यादेपलीकडे जातो, विहिरीत इतरत्र तो कमीच राहतो. त्यामुळे पॅकर (विहीर मध्येच अडवणारे बूच) लावून भाग वेगळे करायची गरज उरत नाही. काही वर्षांत कॉइल्ड टयुबिंगने (रिळावर गुंडाळलेल्या सलग नळीने) आणखी सोय केली. छिद्र आतल्या नळीतून कापायचे, फ्रॅकचा (दगड फोडण्याचा) द्रव तिच्या बाहेरच्या पोकळीतून ढकलायचा, शेवटी वाळूचाच बूच ठेवून वर सरकायचे. जी वेळखाऊ सरकासरकी साठच्या दशकात नडली, तीच इथे टप्प्याटप्प्याने काम करायला उपयोगी पडली.

शेल खडकातून तेल-वायू काढण्याच्या लाटेत पारडे पुन्हा फिरले. प्लग (बूच) बसवून पाण्याच्या रेट्याने बंदूक आत ढकलायची आणि एका टप्प्यात अनेक ठिकाणी चार्ज उडवायचे, या वेगाशी झोत स्पर्धा करू शकला नाही. गंमत अशी की, या भोकांतून फ्रॅकची वाळू गेली की तीही त्यांच्या कडा झिजवून ती रुंद करते; विहिरीत कॅमेरे सोडून अलीकडे त्याची मापे घेतली जातात.

झोताकडे आज ठरावीक कामे उरली आहेत. आडव्या विहिरीच्या टोकाचा पहिला टप्पा उघडणे, न उघडलेल्या झडपेला पर्याय देणे, जुन्या विहिरी बुजवताना केसिंग कापणे. स्फोटकांची ने-आण जिथे जिकिरीची असते तिथेही त्याचा विचार होतो. भारतात शेप्ड चार्जला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागू आहेत, त्यांच्या परवान्यांचा कारभार नागपूरहून चालतो. समुद्रातल्या फलाटावर विजेवर उडणारे डिटोनेटर हाताळताना रेडिओ बंद ठेवावे लागतात. झोताच्या कामाला वाळू, पाणी आणि पंप पुरतात.