व्हल्व्होडिनिया: मलमांमागचा दीडशे वर्षांचा शोध

योनीमुखाच्या जुनाट वेदनेवर, म्हणजेच व्हल्व्होडिनियावर, आज जी मलमं आणि क्रीम लिहून दिली जातात, त्यांतलं जवळजवळ एकही औषध या दुखण्यासाठी म्हणून जन्मलेलं नाही. एक भूल देण्यासाठी बनलं, दुसरं फिट्सवरचं, तिसरं नैराश्यावरचं, चौथं छातीतल्या कळेवरचं आणि पाचवं चक्क मिरचीतल्या तिखटाचं. इतकी उसनवारी एका दुखण्याच्या वाट्याला का यावी, हे समजून घ्यायचं तर या वेदनेबद्दल वैद्यकाची समजूत कशी बदलत गेली ते पाहावं लागतं. समजूत बदलली की मलम बदललं, असाच हा इतिहास आहे.

1880 साली अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ टी. गेलार्ड थॉमस यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात योनीमुखाच्या काही भागातल्या नसा कमालीच्या हळव्या झाल्याची नोंद केली. त्याच दशकाच्या अखेरीस ब्रुकलिनच्या अलेक्झांडर स्कीन यांनी आणखी नेमकं लिहिलं. खाज नाही, लाली नाही, वरून काहीच दिसत नाही. मात्र तपासणाऱ्याचं बोट त्या जागी टेकलं की बाई कळवळते, कधी कधी ओरडतेसुद्धा. आजही एखादी बाई डॉक्टरांसमोर बसून जे सांगते, ते याहून वेगळं नसतं. 1928 मध्ये हॉवर्ड केली यांनी योनीपटलाच्या कडेला असणाऱ्या, अतिशय हळव्या अशा गडद लाल ठिपक्यांचं वर्णन केलं आणि संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदनेचं ते मोठं कारण असल्याचं म्हटलं.

म्हणजे निरीक्षण झालेलं होतं, छापलेलंही होतं. तरी पुढची जवळपास पन्नास वर्षं स्त्रीरोगशास्त्राच्या पुस्तकांतून हे दुखणं नाहीसंच झालं. मला या इतिहासात सर्वांत जास्त टोचतो तो हा रिकामा काळ. त्या पन्नास वर्षांत दुखणं थांबलं होतं असं मानायला काहीच आधार नाही. बायका डॉक्टरांकडे जातच होत्या. काही दिसत नाही म्हणून ‘मनाचा खेळ आहे’ असं ऐकून परत येत होत्या. 1978 सालीसुद्धा या तक्रारीवरचा एक शोधनिबंध ‘सायकोसोमॅटिक’ म्हणजे मनोकायिक योनीदाह या नावाने प्रसिद्ध झाला होता.

याच काळात मलमांचं पहिलं मोठं युग सुरू झालं. 1952 मध्ये त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड परिणामकारक ठरलं आणि त्वचारोगांच्या उपचाराचा चेहराच बदलला. पाठोपाठ बुरशीवरची क्रीम आली. योनीमुखाची आग होते म्हटल्यावर डॉक्टरांच्या हाताशी ही दोनच साधनं होती, आणि तीच पुन्हा पुन्हा दिली गेली. बुरशीचा संसर्ग असेल, लायकेनसारखा त्वचारोग असेल तर या औषधांनी खरोखर बरं वाटतं. लायकेन स्क्लेरोससमध्ये तर तीव्र स्टेरॉइड मलम हा आजही पहिला उपचार आहे. पण जिथे सूज नाही आणि जंतूही नाहीत, तिथे ही औषधं कशावर चालणार? तपासणी न करता महिनोन् महिने बुरशीचं क्रीम लावत राहिलेल्या अनेक बायकांच्या वाट्याला मूळ वेदनेवर आणखी क्रीममुळे झालेली जळजळ आली.

कोंडी फुटायला सुरुवात झाली ती 1970 मध्ये, योनीमुखाच्या आजारांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, आयएसएसव्हीडी, स्थापन झाल्यावर. तिथे त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसले. 1970च्या दशकाच्या मध्याला ‘जळणाऱ्या योनीमुखा’ची चर्चा त्यांच्या बैठकीत झाली आणि 1980च्या दशकात व्हल्व्होडिनिया हे नाव रूढ झालं.

1987 मध्ये एड्युअर्ड फ्रिडरिक यांनी निदानाच्या तीन खुणा मांडल्या. योनीमार्गात काही जाऊ लागताच किंवा स्पर्श होताच तीव्र वेदना. व्हेस्टिब्यूलपुरतं मर्यादित असलेलं दाबल्यावरचं दुखणं. आणि तिथे कमीअधिक लाली. आतल्या ओठांच्या मधली, जिथे मूत्रछिद्र आणि योनीद्वार उघडतात, ती ओलसर नाजूक जागा म्हणजे व्हेस्टिब्यूल. तिची तपासणी अगदी साध्या वस्तूने होते. डॉक्टर कापसाचा बोळा लावलेली काडी ओली करून आधी मांडीच्या आतल्या बाजूला टेकवतात, मग बाहेरच्या ओठांवर, मग व्हेस्टिब्यूलवर एकेका ठिकाणी, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे. प्रत्येक ठिकाणी शून्य ते दहामध्ये किती दुखलं हे बाईने सांगायचं. बहुतेकींना सर्वांत जास्त दुखतं ते खालच्या बाजूला, पाच ते सातच्या मध्ये. कित्येकींनी सांगितलंय की आपल्या वेदनेचा असा नकाशा समोर उमटलेला पाहून त्यांना पहिल्यांदा खरं वाटलं, की हे आपण कल्पनेने रचलेलं नाही.

फ्रिडरिक यांच्या तीन खुणांपैकी लालीची खूण मात्र पुढे टिकली नाही. एकाच बाईकडे पाहून दोन डॉक्टरांचं लालीबद्दल एकमत होत नाही, आणि काहीच त्रास नसलेल्या बाईतही ती दिसू शकते. सूज आहे हे गृहीत धरून त्या स्थितीला ‘व्हेस्टिब्युलायटिस’ म्हटलं जायचं. ते गृहीतक डळमळीत झाल्यावर स्टेरॉइड क्रीमचा पायाही डळमळला. मधल्या काळात ह्युमन पॅपिलोमा विषाणूवर संशय घेतला गेला आणि इंटरफेरॉन या विषाणूविरोधी औषधाची इंजेक्शनं दिली गेली. काही बायकांना आहारातले ऑक्झलेट टाळायला सांगितलं गेलं. हे दोन्ही मार्ग फार पुढे गेले नाहीत.

खरं वळण 1998च्या सुमारास स्वीडनमधून आलं. या बायकांच्या व्हेस्टिब्यूलच्या पेशीजालाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर वरच्या थरात वेदना वाहणारे मज्जातंतू नेहमीपेक्षा खूप जास्त दिसले. तिथपर्यंत त्वचेचा म्हणून पाहिला जाणारा आजार आता मज्जातंतूंचा म्हणून पाहिला जाऊ लागला. स्कीन यांनी बोटाने जे ओळखलं होतं, त्याला शंभर वर्षांनी शरीरातला पुरावा मिळाला.

मज्जातंतूंचा आजार म्हटल्यावर लिडोकेन पुढे येणं ओघानेच आलं. शरीराची एखादी जागा बधिर करण्याचा इतिहास 1884 मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेन वापरलं तिथून सुरू होतो. लिडोकेन 1943 मध्ये स्टॉकहोमच्या नील्स ल्योफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी बनवलं. लुंडक्विस्ट यांनी त्याचे प्रयोग स्वतःच्याच शरीरावर केले. 1948 पासून ते झायलोकेन या नावाने बाजारात आलं. मज्जातंतूतले सोडियमचे मार्ग ते काही काळ बंद करतं, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. जुन्या बधिरकांपेक्षा त्याची अॅलर्जी क्वचित होते. बेंझोकेन हे जुनं बधिरक असलेली खाजेवरची क्रीम अॅलर्जीच्या भीतीनेच टाळावीत असं तज्ज्ञ सांगतात.

2003 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या डेनिझ झोलनून आणि सहकाऱ्यांनी एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. 5 टक्के लिडोकेनचं मलम झोपताना व्हेस्टिब्यूलला लावायचं, मलमात भिजवलेला कापसाचा बोळा तिथेच ठेवायचा, म्हणजे औषध रात्रभर त्या जागेला लागून राहील. कल्पना अशी होती की काही आठवडे मज्जातंतूंना सलग विसावा मिळाला तर त्यांचं सतत पेटलेलं राहणं कमी होईल. 61 बायकांनी सरासरी सात आठवडे हे केलं. आधी 36 टक्के बायकांना संबंध शक्य होते, नंतर 76 टक्के बायकांनी ते शक्य झाल्याचं सांगितलं. स्वस्त, घरी करता येणारा, शस्त्रक्रियेविना होणारा उपचार मिळाला म्हणून जगभरच्या दवाखान्यांत तो पसरला. लावल्यावर पहिली काही मिनिटं चांगलंच चुरचुरतं आणि मगच बधिरपणा येतो, हे मात्र आधी सांगायला हवं. ज्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं, त्यांतल्या अनेकजणी पहिल्याच रात्री घाबरून मलम पुसून टाकतात.

त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव 2010 मध्ये भरून निघाली, आणि उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आलं. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या संशोधकांनी 133 बायकांचे चार गट केले: एकाला लिडोकेन क्रीम, एकाला डेसिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाच्या गोळ्या, एकाला दोन्ही, आणि एकाला औषध नसलेलं क्रीम व गोळ्या. बारा आठवड्यांनी टॅम्पॉन आत घालताना होणारी वेदना मोजली. नुसत्या लिडोकेनच्या गटात ती 20 टक्क्यांनी कमी झाली, दोन्ही औषधांच्या गटात 36 टक्क्यांनी, आणि काहीच औषध न मिळालेल्या गटात 33 टक्क्यांनी. औषधं आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं क्रीम व गोळ्या, यांत फरक सिद्ध झाला नाही.

या निकालाचा अर्थ ‘म्हणजे दुखणं मनाचंच’ असा लावणाऱ्यांचा मला राग येतो. गुडघेदुखीच्या किंवा डोकेदुखीच्या चाचण्यांतही प्लासिबोच्या गटाला बराच आराम पडतो. त्यावरून गुडघा दुखत नव्हता असं कुणी म्हणत नाही. बारा आठवडे कुणीतरी नियमित विचारपूस करतंय, वेदना मोजतंय, गांभीर्याने घेतंय, याचा वेदनेवर परिणाम होतो. शिवाय या त्रासाला काळाप्रमाणे चढउतार असतातच. निकालाने शिकवलं ते एवढंच, की तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासातले टक्के जपून वाचावेत.

आणि बाकीच्या बहुतेक क्रीमांचे अभ्यास नेमके तसेच आहेत. गॅबापेंटिन या फिट्सवरच्या औषधाच्या 2 ते 6 टक्के क्रीमवर 2008 मध्ये आलेल्या अभ्यासात 35 पैकी 80 टक्के बायकांची वेदना निम्म्याने तरी कमी झाल्याचं दिसलं. तुलनेचा गट नव्हता. अॅमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या औषधाच्या 2 टक्के क्रीमवर ऑस्ट्रेलियात 2012 मध्ये 150 बायकांचा अभ्यास झाला आणि निम्म्याहून थोड्या जास्त जणींना गुण आला. इथेही तुलना नव्हती. या दोन क्रीमांचं आकर्षण समजण्यासारखं आहे: त्याच औषधांच्या गोळ्यांनी येणारी गुंगी आणि कोरडं तोंड टळतं. कॅप्सेसिनचं, म्हणजे मिरचीतल्या तिखटाचं, क्रीम वेदनेच्या मज्जातंतूंना आधी पेटवून मग थकवतं. ज्या ग्राहीद्वारा, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या रेणूद्वारा, हे होतं तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधला, त्या कामाला 2021 चं नोबेल मिळालं. पण लावतानाची आग इतकी असते की आधी लिडोकेन लावावं लागतं. छातीतल्या कळेवरच्या नायट्रोग्लिसरीनने डोकं दुखतं. क्रोमोलिन या अॅलर्जीवरच्या औषधाच्या क्रीमची 2001 मध्ये प्लासिबोशी तुलना झाली आणि त्याचा विशेष उपयोग दिसला नाही.

हार्मोन क्रीमची गोष्ट वेगळी आहे. व्हेस्टिब्यूलमध्ये इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या दोन्हींचे ग्राही असतात. पाळी गेल्यावर, स्तनपानाच्या काळात किंवा कर्करोगाच्या काही औषधांमुळे ती जागा कोरडी आणि पातळ होते, तेव्हा तिथे लावलेल्या इस्ट्रोजेनला भक्कम आधार आहे. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे काही तरुण बायकांना ही वेदना सुरू होते का, यावर अजून वाद आहे. तसं मानणारे डॉक्टर गोळी बंद करून इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) आणि टेस्टोस्टेरॉन यांचं मिश्र क्रीम देतात.

2015 मध्ये तीन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून ठरवलेली व्याख्या आज वापरात आहे: स्पष्ट कारण न सापडणारी, किमान तीन महिने टिकलेली योनीमुखाची वेदना. तिच्यासोबत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताण, हार्मोन, मज्जातंतू, भीती असे अनेक घटक असू शकतात हे त्यात मान्य केलं आहे. 2021 मध्ये 108 जोडप्यांमध्ये रात्रभर लावायचं लिडोकेन आणि जोडप्यासाठीची मानसोपचार पद्धती यांची तुलना झाली. वेदनेची तीव्रता दोन्हीकडे सारखीच कमी झाली. वेदनेची धास्ती आणि तिचा जाच मात्र मानसोपचाराच्या गटात अधिक घटला.

या सगळ्यात एक बाब बराच काळ दुर्लक्षित राहिली: औषध ज्यात कालवलेलं असतं तो पाया. प्रोपिलीन ग्लायकोल, अल्कोहोल, सुवास आणि टिकवण्यासाठी घातलेली रसायनं या पातळ त्वचेला झोंबतात. त्यामुळे एखादीला ‘औषध सोसलं नाही’ असं लिहिलं जातं, तेव्हा दोष पुष्कळदा औषधाचा नसून पायाचा असतो. पेट्रोलियम जेलीवर आधारलेलं मलम क्रीमपेक्षा कमी झोंबतं, आणि औषध ऑर्डर देऊन बनवून घेताना हा पाया मागता येतो. म्हणूनच अनुभवी तज्ज्ञ पहिल्या भेटीत नवं काही लिहिण्याआधी घरी साठलेल्या सगळ्या ट्यूब, साबण आणि वाइप्स यांची यादी मागतात. त्या काही आठवडे बंद ठेवायला लावतात, आणि मग एका वेळी एकच मलम सुरू करून गुण येतो का ते पाहतात.