रिमोटचा सेल आणि रिमोटचं बटण

गॅरेजच्या दाराचा रिमोट गाडीत कायमचा बसवायचा म्हटलं की हमखास विचारलं जातं, ‘त्याला 12 व्होल्ट कुठे द्यायचे?’ घोळ या प्रश्नातच आहे. रिमोट गाडीला जोडण्यात दोन वेगळी कामं आहेत. सेल काढून गाडीचा सप्लाय देणं हे एक. बोटाचं काम गाडीतल्या बटणाकडे सोपवणं हे दुसरं. पहिल्यात व्होल्ट द्यायचे असतात, दुसऱ्यात एकही द्यायचा नसतो.

सप्लायचं बहुतेकांना ठाऊक असतं. गाडीचे 12 व्होल्ट इंजिन चालू झालं की 14 च्या आसपास जातात आणि चपटा सेल असलेला रिमोट 3 व्होल्टचा असतो, म्हणजे व्होल्ट उतरवून 3 वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर हवाच. एखादा रेझिस्टर (करंट अडवणारा साधा भाग) टाकून भागवू नका. रिमोट स्वस्थ असताना करंट जवळजवळ नसतो, म्हणून रेझिस्टरवर काहीच पडत नाही आणि सगळे व्होल्ट चिपवर येतात. मी स्वतः सेल काढतच नाही. तो बराच काळ टिकतो, आणि हे अख्खं काम वाचतं.

आता बटण. रिमोटमधलं बटण बाहेरून वीज आणत नाही. पुष्कळ रिमोटमध्ये चिपने बटणाच्या एका पायावर आपलेच 3 व्होल्ट धरून ठेवलेले असतात. बटण दाबलं की तो पाय निगेटिव्हला टेकतो, व्होल्ट शून्यावर येतात, आणि त्यावरून चिपला कळतं की बोट पडलं. बटणाचं काम दोन टोकं एकमेकांना टेकवण्यापुरतंच आहे. याला ड्राय कॉन्टॅक्ट म्हणतात. तिथे गाडीची 12 व्होल्टची वायर टाकली की चिप जळू शकते. मग ‘रिमोटच खराब निघाला’ असं सांगितलं जातं, ते ऐकून खरंच वाईट वाटतं.

डॅशबोर्डवर नवं, दुसऱ्या कशालाही न जोडलेलं साधं पुश बटण बसवलं असेल, तर त्याच्या दोन वायर थेट रिमोटच्या बटणाच्या पायांवर सोल्डर करा. पाय सहसा चार असतात, पण ते जोडीजोडीने आतून एकच असतात, म्हणून कोणते दोन घ्यायचे ते आधी मल्टिमीटरने शोधा. गाडीचं बटण दाबल्यावर 12 व्होल्ट सोडत असेल, तर मध्ये रिले हवाच, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आपली दोन टोकं (कॉन्टॅक्ट) टेकवणारा स्विच. व्होल्ट रिलेच्या कॉइलला, आणि रिमोटकडे जातात ते फक्त त्याचे कॉन्टॅक्ट. दोन्ही बाजूंचा एकमेकींशी काही संबंध राहत नाही. हेडलाइटचा जाडजूड रिले मात्र इथे नको. रिमोटच्या बटणातून जाणारा करंट इतका नगण्य असतो की त्या कॉन्टॅक्टवर तो कधी लागतो, कधी नाही. छोटा सिग्नल रिले घ्या आणि कॉइलला उलटा डायोड लावा, म्हणजे बंद होताना कॉइल उसळवते ते व्होल्ट तिथेच जिरतात. कॉइलचा सप्लाय चावी फिरवल्यावरच येणारा घ्या, लहानशा फ्यूजमधून. उभ्या गाडीची काच फोडून कुणी बटण दाबलं, तरी दार उघडत नाही.

काही जण रिमोटचं बटण कायमचं दाबून ठेवतात आणि सप्लाय हाय बीमवरून घेतात. डिपर मारला की दार उघडतं. युक्ती चालते, पण दोन कामांची सरमिसळ बहुधा इथूनच पसरली असावी. मला ती मुळीच पसंत नाही. रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी नवा कोड पाठवणारा रिमोट प्रत्येक डिपरला एक कोड पुढे सरकतो. दारापासून दूर, रस्त्यावर असे पुष्कळ कोड खर्च झाले की दाराच्या रिसीव्हरची आणि त्याची चुकामूक होते, आणि रिमोट पुन्हा शिकवावा लागतो.

सोल्डर करण्यापूर्वी रिमोटकडे जाणाऱ्या दोन वायर मोकळ्या ठेवून गाडीतलं बटण दाबा. मल्टिमीटरवर त्या दोघींत शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि मगच कंटिन्युइटीवर (टोकं जुळली की वाजणाऱ्या सेटिंगवर) लावल्यावर बीप वाजला पाहिजे. व्होल्ट दिसले, तर रिमोट अजून जोडू नका.