निळ्या ठोकळ्याची करामत

स्लॅग सिमेंटचा ठोकळा चाचणीच्या यंत्राखाली फुटला की आतून निळसर-हिरवा निघतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काँक्रीट बिघडलं. पण हवा लागली की काही दिवसांत रंग उडतो. हा रंग स्लॅगमधल्या सल्फाइडमुळे, म्हणजे गंधकाच्या संयुगामुळे, येतो, आणि विषारी क्रोमियमला वठणीवर आणतं तेही हेच सल्फाइड.

स्लॅग म्हणजे झोतभट्टीत लोखंड गाळताना वर तरंगणारा मळ. तापलेल्या मळावर पाण्याचा मारा केला की त्याचे काचेसारखे दाणे होतात. ते दळून चुन्यात कालवले तर सिमेंटसारखे घट्ट होतात, हे १८६२ मध्ये जर्मनीत एमिल लांगेन यांच्या लक्षात आलं.

कारखान्यांतला विषारी गाळ पसरू नये म्हणून तो सिमेंटमध्ये कालवून त्याचे ठोकळे करतात. त्यात तो नुसता गाडला जातो, असा समज आहे. खरं काम रसायनशास्त्र करतं. सिमेंटमधलं पाणी कडक अल्कधर्मी असतं. त्यात कॅडमियमसारखे धातू विरघळलेले राहत नाहीत, साका होऊन खाली बसतात. क्रोमियम-६, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, मात्र अल्कलीला दाद देत नाही. ते कर्करोगकारक आहे, पाण्याला पिवळं करतं आणि पाण्याबरोबर दूरवर जातं. कानपूरजवळच्या रानियात आणि तमिळनाडूतल्या राणीपेटमध्ये क्रोमियमच्या कचऱ्याच्या ढिगांनी भूजल नासलं, ते यामुळेच. साधं सिमेंट इथे अपुरं पडतं. स्लॅगचं सल्फाइड क्रोमियम-६ ला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं क्रोमियम-३ करतं. हे रूप कितीतरी कमी विषारी, आणि अल्कलीत जागचं हलत नाही.

अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर अणुकेंद्रात १९९० पासून याच युक्तीवर ‘सॉल्टस्टोन’ बनतो. अण्वस्त्रांसाठीच्या कामातून उरलेलं खारट किरणोत्सारी पाणी कोरड्या मिश्रणात कालवतात. सुरुवातीच्या मिश्रणात ४५ टक्के स्लॅग, ४५ टक्के औष्णिक वीजकेंद्रातली राख आणि सिमेंट जेमतेम १० टक्के होतं. म्हणजे दोन कारखान्यांचा कचरा तिसऱ्याचं विष धरून ठेवतो. मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

पण प्रत्येक धातूची तऱ्हा वेगळी. अल्कली प्रमाणाबाहेर गेली तर शिसं आणि जस्त पुन्हा विरघळतात, शिवाय जस्तामुळे सिमेंट लवकर धरत नाही. म्हणून प्रत्येक गाळासाठी मिश्रण नव्याने ठरवावं लागतं. तपासणीसाठी ठोकळ्याचे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडे करून ते वीसपट वजनाच्या सौम्य आम्लात सुमारे १८ तास घुसळतात. अमेरिकी नियमानुसार त्या द्रवात लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त क्रोमियम निघालं, तर कचरा घातक ठरतो.

अठरा तासांच्या परीक्षेवर शंभर वर्षांचा भरवसा ठेवणं मला पटत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कली कमी करत जातो, ऑक्सिजन सल्फाइड संपवत जातो. फुटलेल्या ठोकळ्याचा निळा रंग उडतो, तेव्हा हाच ऑक्सिजन डोळ्यांसमोर काम करत असतो. भेग पडेल तिथून तो आत शिरतो. त्यामुळे असे ठोकळे घराच्या भिंतीत किंवा रस्त्यात जिरवू नयेत. ते अस्तर घातलेल्या, पाणी न लागणाऱ्या जागी ठेवावेत आणि खालचं भूजल दरवर्षी तपासावं.