सूज उतरली म्हणून गोळी सोडू नका

"पायाची सूज उतरली, दम लागत नाही, मग गोळी कायले पाह्यजे? सवय लागते." यवतमाळकडच्या गावांत हे वर्षानुवर्षे ऐकू येतं. ते खरं नाही. हृदय कमजोर झाल्यावर (हार्ट फेल्युअर) दिलेल्या या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. सूज उतरलेली राहते ती गोळी चालू असते म्हणून. फ्युरोसेमाइड जादा पाणी लघवीवाटे काढते, ते दिसतं. बिसोप्रोलोल, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन मात्र कमजोर हृदयावरचा ताण कमी करतात, आयुष्य वाढवतात; हे काम डोळ्यांना दिसत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात हृदय सुधारलेल्या २५ रुग्णांची औषधं हळूहळू थांबवली. ६ महिन्यांत ११ जणांचा आजार परत आला.

मला खरी भीती वाटते ती कापूस वेचून गुडघे दुखले की दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या गोळीची. ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, किडनीवर ताण आणते. सूज परत येते आणि दोष हृदयाच्या गोळीला लागतो!

मे महिन्याच्या उन्हात जुलाब-उलट्या झाल्या, चक्कर आली, तर डोस बदलावा लागू शकतो; तो डॉक्टरांना लगेच विचारूनच. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा.