ग्रुप रिसर्च प्रोजेक्टचा फॉर्म परत का येतो? संमतीपत्र आणि परवानग्यांबद्दल थोडं

समाजशास्त्र, सोशल वर्क, मास मीडिया, कुठल्याही डिपार्टमेंटला विचारा, दर सेमिस्टरला ग्रुप प्रोजेक्टच्या मंजुरीचे फॉर्म परत येतात आणि कारणंही ठरलेलीच. विषय, प्रश्नावली, सगळ्या मेंबरांची नावं, सह्या, गाईडची सही, हे सगळे नीट भरतात. गाडी अडते ती पुढे.

आधी तारीख. नोटीसवरची शेवटची तारीख फॉर्म जमा करायची असते, फॉर्म दिला म्हणजे फील्डवर जायला मोकळे असं नाही. एथिक्स कमिटीची (संशोधनात लोकांना त्रास होत नाही ना, हे बघणारी समिती) मंजुरी हातात येईपर्यंत एकही मुलाखत घेऊ नका, कारण आधीच गोळा केलेल्या डेटाला मागाहून मंजुरी मिळत नाही. फॉर्म देऊन दुसऱ्याच दिवशी गोवंडीत घरोघरी फिरून आलेल्या मुलांची सगळी मेहनत बाद होताना बघवत नाही हो. आणि लहान मुलं, कैदी, आजारी माणसं असा विषय असेल तर कमिटीच्या पूर्ण बैठकीतच जातो, म्हणजे वेळ जास्त लागतो, तो धरूनच विषय निवडा.

आता संमतीपत्र. इंग्रजीत छापून धारावीतल्या मावशींपुढे धरायचं आणि सही घ्यायची, याला संमती म्हणत नाहीत. समोरच्याला कळेल त्या भाषेत हवं, मराठी, हिंदी, जी असेल ती. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि ग्रुपबाहेरच्या साक्षीदाराची सही घ्या. रेकॉर्डिंगची संमती वेगळी विचारा. सही केलेला कागद आणि उत्तरांचा कागद एकत्र स्टेपल करू नका, नाव गुप्त ठेवू म्हणता आणि पहिल्याच पानावर नाव!

सगळ्यात जास्त फसतात ते वयात. आपल्याच कॉलेजात गूगल फॉर्म फिरवायचा, त्यात काय, असं वाटतं, पण एफवायची, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची, कितीतरी मुलं सतराचीच असतात आणि अकरावी-बारावीची तर बहुतेक सगळीच. १८ पूर्ण नसेल तर पालकांची संमती आणि शिवाय त्या मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. जमणार नसेल तर गूगल फॉर्मचा पहिलाच प्रश्न वयाचा ठेवा आणि १८ च्या खालच्यांना तिथेच थांबवा.

मग तो कागद जो कोणाकडेच नसतो, जागेची परवानगी. कॉलेजचं पत्र ही तुमची ओळख झाली, परवानगी नाही. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक तोंडी हो म्हणाले तरी शिक्षण विभागाचं लेखी पत्र आणायला सांगतात, आणि तिथे या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात. विद्यार्थ्यांना एकदाच नीट सांगायला काय जातं यांचं, कळत नाही. अर्ज दिला की दुसऱ्या कॉपीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय निघू नका, नंतर विचारायला तोच उपयोगी पडतो. एखाद्या सामाजिक संस्थेमार्फत जात असाल तर त्यांच्या लेटरहेडवर पत्र हवं, व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट चालत नाही.

स्टेशनवर प्रवाशांचा सर्व्हे किंवा शूटिंग करायचं असेल तर रेल्वेची लेखी परवानगी काढा. दादरवाल्यांनी जास्त लक्ष द्या, प्लॅटफॉर्म १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे, त्यामुळे एकाचं पत्र दुसरीकडे चालेल असं धरू नका, अर्जात प्लॅटफॉर्म नंबर लिहा.