इकालुइटला सहा महिने रात्र नसते

'उत्तर ध्रुवाकडच्या गावांत सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र', हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्यामुळे कॅनडाच्या नुनावुट या केंद्रशासित प्रदेशाची राजधानी इकालुइट बघायचं ठरवलं, की घरचे पहिलं विचारतात, "तिथे उजेड असेल ना?"

असतो, अगदी डिसेंबरातही. सलग सहा महिन्यांचा दिवस फक्त ध्रुवबिंदूवर आणि त्याच्या अगदी जवळ असतो. सूर्य पूर्ण 24 तास न उगवण्यासाठी गाव साधारण 66.5 अंश अक्षांशाच्या उत्तरेला हवं. पृथ्वीचा अक्ष 23.5 अंश कललेला आहे, आणि 90 मधून 23.5 गेले की 66.5 उरतात. नकाशात बघा, इकालुइट 63.7 अंशांवर आहे, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेलाच.

आता 21 डिसेंबरची दुपार घ्या. 90 वजा 63.7 वजा 23.5, म्हणजे सूर्य क्षितिजापासून जेमतेम 3 अंश वर. हात लांब करून दोन बोटं आडवी धरा, साधारण तेवढाच. दिवस चार तासांहून थोडा मोठा. जूनमध्ये मात्र तो जवळजवळ 21 तासांचा होतो आणि मधल्या वेळेतही संधिप्रकाश राहतो. फोनमध्ये गावाचं नाव टाकून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बघितल्या तरी खात्री पटेल.

मला विचाराल तर एप्रिलमध्ये जा. दिवस पंधरा तासांच्या आसपास, आणि गावालगतचा फ्रोबिशर उपसागर अजून गोठलेला, म्हणजे कुत्र्यांच्या घसरगाडीतून बर्फावर फिरता येतं.